लुगड्यापुरतं कापलं

अहो, तुमची खोली उघडली. चपला घालून आत गेले.

कुणी ओरडलं नाही. दारात जरा थांबले. वाटलं, आता आतून येईल, "चपला!" एवढा एकच शब्द, मान वर न करता. आला नाही. मग चपला फटफट वाजवत सगळीकडं फिरून आले. खिडकीपर्यंत, ईझलच्या मागं, तुमच्या त्या डुगडुगत्या स्टुलापर्यंत. लई बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. मग त्याच स्टुलावर बसून रडले. तेही चपला घालूनच.

तुम्हाला जाऊन सव्वा महिना झाला. तेराव्याला तुमच्या शाळेतली जुनी-नवी सगळी पोरं जेवून गेली, आणि जेवायच्या आधी भाषणं करून गेली. सर म्हणजे शिस्त. सर म्हणजे रंगांची जाण. उमरग्यासारख्या ट्रकांच्या गावात सरांनी कला आणली. एकजण तर डोळे पुसत म्हणाला, "सरांनी आम्हाला बघायला शिकवलं." मी मागं पत्रावळ्या मांडत होते, हातातली तशीच राहिली. बघायला? तुम्ही? हसू फुटायच्या बेतात होतं, म्हणून पदर तोंडाला लावला. सगळ्यांना वाटलं, रडतेय बिचारी. शेजारच्या काकूंनी पाठीवरून हात फिरवला.

सगळं उरकल्यावर बालाजी मागं थांबला. तुमचा लाडका, आता तुमच्याच जागेवर चित्रकला शिकवतो तो.

"काकू, शाळेच्या हॉलमधी सरांचं एक चित्र कायमचं लावायचं ठरलंय. 'आई' द्याल का?"

'आई' म्हणजे तुमचं ते मोठं तैलचित्र. तुमच्या आई, माझ्या सासूबाई, खुर्चीत ताठ बसलेल्या, हात मांडीवर, आणि अंगावर गडद जांभळं इरकली लुगडं, लाल काठाचं, लाल-पांढऱ्या पदराचं. बक्षीस मिळालं होतं त्याला. जो बघेल तो आधी चेहऱ्याला मान डोलवायचा आणि मग म्हणायचा, "पण सर, लुगडं काय काढलंय! हात लावला तर मऊ लागेल." तुम्ही मान तिरकी करून हसायचात.

ते लुगडं माझ्या आईचं होतं. सासूबाईंनी जन्मात इरकल नेसली नाही, त्यांना ती खेडवळ वाटायची. लुगडं माझ्या आईचं, आणि चित्र झाल्यावर तेच तुम्ही फाडून ब्रश पुसायला घेतलंत. हॉलमध्ये चित्र टांगलं की पोरं, पाहुणे सगळे माझ्या आईचं लुगडं तुमच्या आईच्या अंगावर बघणार आणि वा वा करणार. मला ते नको होतं. मला माझं लुगडं परत पाहिजे होतं. ते जमत नसेल तर तुमच्या तोंडून एक शब्द पाहिजे होता, आणि तोही आता जमण्यातला राहिला नव्हता.

"बघते," म्हणाले मी.

"मग रविवारी टेम्पो घेऊन येतो," बालाजी म्हणाला. तुमचाच विद्यार्थी. 'बघते' म्हणजे 'हो' असं धरून चालला.

मनीषाचंही तेच. "आई, बघते काय? द्यायचंच. आणि बाबांची खोली जशीच्या तशी ठेव, काही हलवू नकोस." लेक आपली, पण सगळी तुमच्यावर गेलीय, सांगून मोकळी होते. मी हो हो म्हटलं, तिला सोलापूरच्या गाडीत बसवलं, घरी आले आणि सरळ माडी चढले.

माडीवरची ती खोली म्हणजे घरातली सगळ्यात चांगली खोली. चित्राला उत्तरेचा उजेड लागतो म्हणालात, आणि घेतलीत. वाकळ शिवायला कुठला उजेड लागतो ते कुणी विचारलं नाही. मी जिन्याखाली बसून शिवलं. माझी गाठोडी खताच्या रिकाम्या पोत्यात, पोतं जिन्याखाली, आणि पाहुणे आले की त्याच्यावर सतरंजी टाकायची. "चिंध्या दिसतात," म्हणायचात. किती वेळा सांगितलं, चिंध्या नव्हेत, वाकळीचं कापड आहे. माझ्या माहेरी, कर्नाटकाच्या शिवेवर, माणूस गेलं की त्याचं नेसूचं कापड टाकत नाहीत. वर्षभर बांधून ठेवतात. वर्ष झालं की फाडतात, थरावर थर लावून त्याची वाकळ शिवतात, आणि घरातलं कुणीतरी ती पांघरतं. तुम्ही सगळं ऐकून घ्यायचात आणि म्हणायचात, "असेल, पण दिसायला चिंध्याच."

तर तुमची खोली आवरायला काढली. आधी रंग घेतले. एकेक ट्यूब अंगठ्यानं दाबून बघितली. मऊ लागली ती डब्यात, दगड झालेली पाटीत. पाटीच भरली. एवढी टोपणं घट्ट लावलेली, एवढी रांग सरळ, आणि आत निम्मे रंग कधीचे मेलेले. पोस्टर कलरच्या बाटल्या वाळून तडकलेल्या. ब्रशांचे केस झडलेले, तरी साबणानं धुऊन, डोकं वर करून बरणीत उभे. तुमचंच डोकं आठवलं, काय करू. गॅदरिंगचा थर्माकोल, उंदरांनी कुरतडलेल्या क्रेप कागदाच्या सुरळ्या, गंजलेल्या टाचण्या, खडखडीत वाळलेला डिंक. "माझ्या खोलीत कचरा होत नाही," हे वाक्य माझ्या तोंडावर किती वेळा मारलंत! पोतं भरून खाली नेताना कंबर गेली माझी.

आणि प्रत्येक डब्यावर तुमच्या वळणदार अक्षरात चिठ्ठी. 'उबदार'. 'थंड'. 'करडे'. 'मातीचे'. कागद असो, मणी असोत, दोरा असो, तुम्ही सगळं रंगावरूनच लावलेलं. 'पांढरे' उघडला तर त्यात खडू, सुतळी, प्लास्टर, आणि खाली काडेपेटीत मनीषाचे दुधाचे दात. तुम्ही ते जपून ठेवलेत हे मला माहीतच नव्हतं. ते हातावर घेऊन बसले. तुमच्यावर माया आली, सांगते. आणि लगेच डोकं फिरलं. पोरीचे दात ठेवलेत, पण पोरीचं नाव कुठं घातलं नाहीत. पांढरे म्हणून खडूंत ठेवलेत!

माझ्या गाठोड्यात रंग नसतात, माणसं असतात. ही गाठ काकीची, ही माझ्या धाकट्या बहिणीची, ही मनीषाच्या बाळंतपणातली. लाल नि पोपटी एका गाठीत असलं तरी चालतं, माणूस एक पाहिजे. शिवायला बसलं की कुणाशेजारी कुणाला लावायचं ते बघावं लागतं. ज्या जन्मभर एकमेकींशी बोलल्या नाहीत त्यांना मी शेजारी लावत नाही, उगाच वाकळीत भांडण नको. हे सगळं मी तुम्हाला समजावून सांगितलं होतं. तुम्ही हसला होतात, आणि हसलात म्हणजे ऐकलंत असं मला वाटलं होतं.

माझी आई गेली तेव्हा मी ते इरकली लुगडं मागून घेतलं. तिनंच सांगून ठेवलं होतं. "नेसू नगस, तुला शोभत न्हाय. वाकळ शिव. लई धुऊ नगस. अंगावर घेतलीस की माझा वास येईल, मग रडत बसू नगस." अशी होती ती, माया करायची तर तीही दटावून. ते लुगडं मी बांधून ठेवलं. मध्येच तुम्हाला चित्र सुचलं. "महिनाभर दे, मॉडेलला नेसवायचं नाही, खुर्चीवर टाकून घड्या बघायच्यात." मी दिलं. आनंदानं दिलं, वेडी मी. वाटलं, आईचं कापड माझ्या नवऱ्याच्या चित्रात येतंय. चहा घेऊन वर यायचे तेव्हा दाराबाहेर चपला काढून उभी राहायचे आणि बघायचे. तुम्ही एकेका घडीवर तास तास घालवत होतात. माझ्या आईकडं इतकं टक लावून तिच्या जितेपणी कुणी बघितलं नसेल.

चित्र झालं. लुगडं परत दिलंत, मी परत गाठोड्यात बांधलं. मग आईचं वर्षश्राद्ध आलं, मी माहेरी गेले. तिथं चुलतीला, बहिणींना सांगून आले की आता जाऊन आईची वाकळ लावते. परत आले तर जिन्याखाली गाठोडी नाहीत. तुम्ही हसत उभे. "वर चल, गंमत दाखवतो."

माझी सगळी गाठोडी सोडून तुम्ही कापडांचे ढीग लावले होते. पिवळे, मग केशरी, मग लाल, हिरवे, निळे, भिंतीच्या कडेनं ओळीनं. काकी, बहीण, नणंद, सगळ्या फाटून एकमेकींत मिसळलेल्या. "बघ," म्हणालात, "आता कसं सापडेल सगळं!" आणि खरं सांगू? सुंदर दिसत होतं. तेच अजून टोचतं. लहान पोरासारखे माझ्या तोंडाकडं बघत होतात, शाबासकी पाहिजे होती तुम्हाला.

"आईचं लुगडं कुठंय?"

"असेल गडदमध्ये."

गडदमध्ये नव्हतं. ते तुमच्या टेबलावर होतं, हातभर तुकडे करून. गॅदरिंगचे पडदे रंगवायला घेतले होते तुम्ही, पुसायला फडकी भरपूर लागत होती, आणि गडद कापडावर डाग दिसत नाहीत. एक तुकडा तुमच्या खांद्यावर होता. त्याला लाल काठ होता.

"हे माझ्या आईचं लुगडं आहे."

"कुठलं?"

"कुठलं म्हणजे? महिनाभर समोर टाकून काढलंत ते!"

तुम्ही खांद्यावरचा तुकडा काढलात, चष्मा वर केलात, आणि बघितलंत. अगदी खरोखर बघितलंत. मग म्हणालात, "अगं, मी रंग बघत होतो. कापडाकडं कोण बघतं?"

मी म्हणाले, "तुम्हाला काळीज न्हाय."

आणि तुम्ही, अहो, त्या वेळी, तसल्या वेळी मला काय म्हणालात आठवतंय? "न्हाय काय? नाही. नाही म्हण."

लग्न झाल्यापासून तुम्ही माझं बोलणं सुधारत होतात. म्या नाही, मी. आमी नाही, आम्ही. मास्तरीणबाई शोभली पाहिजे ना. मी सुधारलेही. त्या दिवशी मात्र ते ऐकलं आणि मी खाली गेले आणि भाकरी थापल्या. तुम्ही जेवायला आलात आणि भाजीत मीठ कमी आहे म्हणालात.

पुढं वर्षं गेली. भांडण मिटलं नाही, नुसतं जुनं झालं. मी अधूनमधून काढायचे, तुम्ही वर्तमानपत्र उघडायचात. "एवढ्याशा कापडासाठी," म्हणायचात. कधी म्हणायचात, "चित्रात आहे की ते, अमर झालं." अमर! माझी आई ऊसतोडीच्या हंगामात पहाटे पोरींवर ते लुगडं टाकून कामाला जायची. तिला भिंतीवर अमर होऊन कुणाचं बक्षीस पाहिजे होतं?

तुमचं काहीच चांगलं नव्हतं असं म्हणायलाही तोंड धजत नाही, हीच तर पंचाईत. माझी नजर मंदावली, सुईत दोरा जाईना. मी कुणाला बोलले नव्हते. एक दिवस सकाळी बघते तर जिन्याखाली थर्माकोलचा तुकडा, आणि त्यात दोरे ओवलेल्या सुया ओळीनं टोचून ठेवलेल्या. चहाच्या आधी येऊन ठेवून गेला होतात. मग रोज. ताप असला तरी. त्याबद्दल ना तुम्ही कधी बोललात, ना मी. फक्त दोरा कुठल्या रंगाचा ते तुम्हीच ठरवायचात. मी काळा दोरा मागितला तर तुम्ही तपकिरी ओवायचात, "काळा मारतो सगळ्याला." मी मुद्दाम काळा आणून स्वतः ओवायला बसायचे, जमायचा नाही, आणि मग तुमच्या तपकिरीनंच शिवायचे.

मग तुम्हाला अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, वाचा गेली, एक 'हं' तेवढा राहिला. चहा देऊ? हं. बातम्या लावू? हं. मनीषाचा फोन आहे, बोलता? हं. मी पेज भरवताना विचारायचे, "लुगड्याचं चुकलं होतं का हो?" तुम्ही गप्प. परत विचारायचे. डोळे मिटून घ्यायचात. अहो, 'हं' म्हणायचं होतं फक्त! तेवढं तर येत होतं ना? हनुवटीवर ओघळलेली पेज मी पुसायचे. शेवटी तुमचं तोंड पुसायला माझ्याच चिंध्या लागल्या, तेही तुम्हाला ऐकवलं. ऐकवायला नको होतं असं मला अजून वाटत नाही.

तर तुमच्या फळ्या उतरवता उतरवता सगळ्यात वरच्या फळीवर, भिंतीला टेकून, एक घट्ट झाकणाचा डबा सापडला. चमच्यानं उचकटला. टर्पेंटाइन आणि अळशीच्या तेलाचा वास भसकन तोंडावर आला. आत माझ्या आईचं लुगडं होतं. तुकडे, पण घड्या घातलेले. काठाचे वेगळे, पदराचा एक वेगळा. रंगांनी बरबटलेले, पण ओळखू येत होते.

म्हणजे फेकले नव्हतेत. मी खाली बसले. डबा मांडीवर घेतला. मला काय काय वाटलं म्हणून सांगू! वाटलं, यांना लागलं होतं. बोलता आलं नाही, पण मागनं एकेक तुकडा गोळा केला, घडी घातली, सगळ्यांपासून वर नेऊन ठेवला. उगीच छळलं मी या माणसाला पेज भरवताना. छातीशी धरला तो डबा. तुमचं नाव घेतलं, मोठ्यानं, जे मी कधी घेतलं नव्हतं.

मग डबा फिरवला. पलीकडच्या बाजूला चिठ्ठी होती. तुमच्या वळणदार अक्षरात. 'गडद'.

बस्स. एवढंच.

मी हसले, अहो. खोलीत एकटीच, मोठ्यानं. मग उठले. तुमच्या इस्त्रीच्या कपड्यांतला तो पांढरा शर्ट आणला, बक्षीस घ्यायला घातलेला, मनीषानं "आठवण म्हणून ठेव" म्हणून कागदात गुंडाळलेला. तो ओला केला आणि खोलीची सगळी फरशी त्यानं पुसून काढली. पांढरा होता, मळ चांगला दिसतो त्यावर. मी रंगच बघितला. कापडाकडं कोण बघतं?

फरशी वाळल्यावर माझी गाठोडी, तुमच्या ढिगांतून मी परत एकेक माणूस निवडून बांधलेली, वर आणली. फळ्यांवर लावली. तुमच्या चिठ्ठ्या निघाल्या नाहीत, चिकटवल्या होत्यात पक्क्या. म्हणून 'उबदार'वर आता काकी आणि माझ्या बहिणी आहेत, आणि 'थंड'वर तुमच्या आईच्या दोन साड्या आणि थोरल्या वन्सं. बसलं बरोबर. मऊ निघालेले रंग एका डब्यात घालून बालाजीसाठी ठेवले. दुधाचे दात मनीषाच्या गाठीत बांधले.

आणि मग 'आई' भिंतीवरून खाली घेतलं. फरशीवर उताणं ठेवलं. तुमचाच कटर घेतला. माझी कात्री घेतली नाही, तुम्ही तिनं कागद कापून कापून तिची धार घालवलीय. काठाच्या कडेकडेनं कापत गेले, मानेपासून खांदा, खांद्यापासून मनगट. मनगटाशी लई जपले. बोटांना धक्का लावला नाही. पायांशी पण जपून, नखं तुम्ही छान काढली होती.  

रविवारी बालाजी आला. बरोबर दोन शिक्षक, खाली टेम्पो, टेम्पोत हार. मी चौकट चादरीत गुंडाळून ठेवली होती. त्यानं इथंच चादर सोडली, बघायला. चौकटीत सासूबाईंचा चेहरा, दोन हात, दोन पावलं, मागं खुर्ची, आणि मध्ये सगळं आरपार. पलीकडची आमची भिंत दिसत होती, कॅलेंडर दिसत होतं.

"काकू," तो कसाबसा म्हणाला, "हे... हे काय केलंत?"

"लुगडं माझ्या आईचं होतं. ते काढून घेतलं."

"अवो, पण काकू, सरांचं चित्र..."

"सरांनी त्यांच्या आईचं जेवढं काढलं होतं तेवढं आहे सगळं. बघून घे. एक बोट कमी न्हाय."

एका शिक्षकानं हार पाठीमागं लपवला. बालाजीच्या डोळ्यांत पाणी आलं. मला त्याचं वाईट वाटलं, खरंच, चांगला पोरगा आहे. रंगांचा डबा त्याच्या हातात दिला. त्यानं तो घेतला, चौकटही घेतली, आणि खाली उतरताना ती अशी धरली होती जशी आत अजून कुणी बसलंय. हॉलमध्ये लावली का ते मी विचारलं नाही. मनीषाचा फोन आला, बराच वेळ रडली, मग म्हणाली, "तू बाबांना दुसऱ्यांदा मारलंस." मी म्हणाले, "एकदा तरी मला विचारून मरायचं होतं त्यांनी." तिनं फोन ठेवला. अजून केलेला नाही.

वाकळ काल पुरी झाली. वरचा थर तुमच्या चित्रातलं लुगडं, आतला थर डब्यातले तुकडे, खालचा माझं जुनं पातळ. कॅनव्हासमध्ये सुई जाईना. पोती शिवायच्या दाभणानं आधी भोकं पाडली, मग दाभणाच्याच मोठ्या नेढ्यात दोरा घालून त्यातून काढला. रंगाचे टवके उडत होते, मांडीवर जांभळा भुगा पडत होता. बोटं सोलली. थर्माकोलमध्ये तुमची शेवटची ओवलेली सुई अजून तशीच टोचलेली होती, झटक्याच्या दिवशी सकाळची, तपकिरी दोऱ्याची. ती इतके दिवस वाचवली होती. माझी आई वाकळीच्या शेवटच्या कोपऱ्यात भाकरीचा तुकडा शिवायची, वाकळ उपाशी राहू नये म्हणून. मीही घातला, आणि तो कोपरा त्या सुईनं मिटवला. आता ओवलेली सुई घरात एकही नाही. उद्यापासून शेजारच्या पोरीला हाक मारावी लागेल.

दुपारी तुमच्या खोलीत, तुमच्या त्या उत्तरेच्या उजेडात, फरशीवर आडवी झाले आणि वाकळ अंगावर घेतली. जड आहे. करकरते. कडा मानेला टोचतात. डोळे मिटले, आणि आईनं सांगितलं होतं तसा वास यायची वाट बघत राहिले. चुलीचा, उसाच्या पाचटाचा, तिच्या घामाचा.

आला तो टर्पेंटाइनचा आला. अळशीच्या तेलाचा. माडीच्या जिन्यात यायचा, उशीला यायचा, तुम्ही जवळ आलात की तुमच्या आधी यायचा, तो. लुगडं मी चित्रातून कापून आणलं, डब्यातून काढून आणलं, रक्त काढून शिवलं, आणि आत तुम्ही निघालात. माझ्या आईचा कुठं म्हणून मागमूस नाही. किती हुडकला, नाक घासून हुडकला. तुम्हीच.

लाथाडली ती वाकळ. मग परत ओढून घेतली, आणि तिन्हीसांजेपर्यंत तशीच पडून राहिले.

उद्या उन्हात टाकणार आहे. वास जाईपर्यंत रोज टाकणार आहे. आणि समजा जाऊ नये असं मला वाटायला लागलं, तर ते मी तुम्हाला सांगणार न्हाय.